जास्तीचा आठवडा

२६ फेब्रुवारी

तारांगणच्या बाईंना,

सप्रेम म्हणवत नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

एरवी माझी वर्षातून दोन पत्रं येतात आणि दोन्ही एका ओळीची असतात. मुंगीला घेऊन ठरल्या दिवशी दुपारी थांब्यावर पोचतो, नाहीतर तिला न्यायला पोचतो. आज एवढा जाड लिफाफा बघून तुला वाटेल, बेकरीला आग लागली. तसं काही नाही. भट्टी ठीक, मुंगी ठीक, ताईची कंबरही ठीक. फक्त मला एक हिशेब लागलाय आणि तो फोनवर सांगण्यासारखा नाही. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान समोरचा मधेच तोडत नाही.

चार वर्षांपूर्वी आपण वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा मुंगी सहा वर्षांची होती आणि तिच्या बाबतीत आपलं काही केल्या जमत नव्हतं. शेवटी तोडगा तूच काढलास. वर्षात दोन दिवस असे येतात की दिवस आणि रात्र सारखी असते, एक मार्चमध्ये आणि एक सप्टेंबरमध्ये. मार्चमधल्या दिवसापासून सप्टेंबरमधल्या दिवसापर्यंत मुंगी तुझ्याकडे, तिथून पुढं मार्चपर्यंत माझ्याकडे. अदलाबदल दोन्ही गावांच्या मधल्या बसथांब्यावर, बाराच्या ठोक्याला. तू म्हणाली होतीस, "त्या दिवशी उजेड मोठा नसतो आणि अंधारही मोठा नसतो. मग आपल्यातही कुणी मोठं नको आणि लहान नको." मला ते इतकं पटलं की मी पुढचा प्रश्नच विचारला नाही. लग्नाच्या सगळ्या वर्षांत तुझं म्हणणं मी एकदाच बिनतक्रार ऐकलं आणि नेमकी तिथंच गोम निघाली.

परवा रविवारी मुंगी पिठाच्या पोत्यावर बसून भिंतीवरचं कॅलेंडर उलटंसुलटं करत होती. मी साच्यांना तेल लावत होतो.

"बाबा, तुझी बाजू कमी भरते."

"कसली बाजू?"

"वर्षाची. आईची बाजू एकशे शहाऐंशी दिवस. तुझी एकशे एकोणऐंशी."

मी हात पुसले आणि मोजलं. मग ताईनं मोजलं. ताई म्हणजे गल्ल्यावर बसणारी माझी बहीण, गेल्या वीस वर्षांत तिला ज्यात चूक सापडली नाही अशी गोष्ट मी पाहिलेली नाही. तिलाही इथं सापडली नाही. पोरीचं बरोबर होतं. तुझ्याकडे दरवर्षी एक आठवडा जास्त जातो.

एक पाव दोघांत वाटायचा तर एकानं कापावा आणि दुसऱ्यानं आधी उचलावा, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. आपल्या बाबतीत कापलंसही तू आणि उचललंसही तू.

तेव्हा माझं ठरलंय. या मार्चमध्ये मुंगी माझ्याकडे एक आठवडा जास्त राहील, नंतर त्याच थांब्यावर मी तिला आणून सोडीन. बरोबरी करायला अर्धा आठवडा पुरे, हे मलाही कळतं, तू सांगायची गरज नाही. उरलेला अर्धा मागच्या चार वर्षांचा, आणि त्यातही मी तुला पुष्कळ सूट दिलेली आहे.

हा निरोप आहे, विनंती नाही.

बेकरीवाला

५ मार्च

तारांगणच्या बाईंना,

तुझं उत्तर मिळालं. अख्ख्या कोऱ्या पानावर दोन शब्द. "माहीत होतं."

ते पान मी ताईला दाखवलं. ती म्हणाली, "बाई खरं बोलली, आता तुझी पंचाईत." मी म्हटलं, माझी कसली पंचाईत? ती म्हणाली, "ती नाही म्हणाली असती तर तू आठ दिवस भांडला असतास. कबूल झालेल्या माणसाशी कसं भांडणार?" माझी सख्खी बहीण ही. घरचा आहेर म्हणतात तो असा.

पण मी भांडणार आहे. माहीत होतं म्हणजे काय? चार वर्षं माहीत होतं? दर मार्चमध्ये तू त्या बाकावर बसून मुंगीची पिशवी माझ्या हातातून घ्यायचीस, "थंडी कमी झाली नाही यंदा" म्हणायचीस, आणि तेव्हाही तुला माहीत असायचं? तारांगणात रोज पोराटोरांना अंधारात बसवून तू पृथ्वी कशी फिरते ते दाखवतेस. मला कुणी तिकीट काढून बसवलं नाही.

तुझ्या या सवयीचं मला नवल वाटायला नको खरं तर. आपली ओळख तिच्यातूनच झाली. आमच्या वडिलांनी घालून दिलेली रीत होती की त्या मार्चच्या दिवशी गल्ल्यावर अंड्यांची टोपली ठेवायची आणि वर पाटी लावायची: आज अंडं उभं राहतं, करून बघा. लोक म्हणतात त्या दिवशी सगळं जग तोलात असतं, म्हणून अंडंही तोल धरतं. आमच्या गल्लीत तर अर्धा दिवस कुणी कामावर जात नसे. तू आलीस, ओठ दाबून पाटी वाचलीस, एक अंडं उभं केलंस आणि निघून गेलीस. मला वाटलं, चला, शहाणी माणसंही मानतात. दुसऱ्या दिवशी तू परत आलीस आणि गल्ल्यावर सहा अंडी ओळीनं उभी केलीस. "काल जग तोलात होतं. आज काय आहे?" असं विचारलंस. ताईला हसू आवरेना. मी म्हटलं, बाई, उद्याही येऊन बघा, खात्री झालेली बरी.

तू आलीस, खात्री करायला पुढची दहा वर्षं आलीस. अंडं कुठल्याही दिवशी उभं राहतं, थोडा धीर लागतो एवढंच. हे तू शिकवलंस आणि मी मान्य केलं. मग मला सांग, ज्या बाईला अंड्याबद्दलची लोकांची चूक एक दिवसही सहन झाली नाही, तिला माझी चूक चार वर्षं बरी सहन झाली?

पाटी अजून लागते, आता ताई लावते. लोकांना आवडतं. मुंगीलाही आवडेल, पण गेली चार वर्षं तिनं ती बघितलेली नाही, कारण त्या सकाळी आम्ही लवकरच्या बसनं थांब्याकडे निघालेलो असतो. त्या सकाळी आमची गल्ली कशी दिसते तेही तिला आता आठवत नसेल. आमची गल्ली सरळ पूर्वेला जाते, त्यामुळं वर्षातून तेवढ्या दोनच वेळा सूर्य बरोबर गल्लीच्या तोंडाशी उगवतो आणि ऊन दोन्हीकडच्या भिंती न शिवता थेट दुकानात, गल्ल्यावरून मागं भट्टीच्या दारापर्यंत येतं. सप्टेंबरात ती तुझ्याकडून निघत असते, मार्चमध्ये माझ्याकडून. दोन्ही वेळा पोर बसमध्ये.

यंदा ती बसमध्ये नसेल.

बेकरीवाला

१३ मार्च

तारांगणच्या बाईंना,

या वेळी चार पानं लिहिलीस, आभारी आहे. पहिली दोन पृथ्वीबद्दल आहेत. हिवाळ्यात ती सूर्याच्या जवळून जाते, म्हणून जोरात पळते आणि तो अर्धा लवकर उरकतो. उन्हाळ्यात लांबून जाते, म्हणून रेंगाळते. समजलं. तू लिहितेस, "तक्रार असेल तर पृथ्वीला नोटीस पाठव." विनोद बरा होता, ताई दोनदा हसली. पण तुझी ती ओळ, की ज्या दिवसाला आपण बरोबरीचा म्हणतो त्या दिवशीही उजेड अंधारापेक्षा थोडा जास्तच भरतो, ती तू चार वर्षांपूर्वी का नाही सांगितलीस? बरोबरीचा दिवससुद्धा बरोबरीचा नाही, हे ऐकून मी निदान दुसरा दिवस मागितला असता.

तिसरं पान मी परत परत वाचलं. तू लिहितेस, हिवाळा मुद्दाम मला दिलास, कारण माझी खोली भट्टीच्या वर आहे आणि तुझं घर गार पडतं, आणि मुंगीचा खोकला. हे मला ठाऊक नव्हतं. मी समजत होतो, उन्हाळ्याच्या सुट्ट्या तू ताटातून उचलल्यास आणि मला शाळेचे डबे ठेवलेस. तुला हे तेव्हा म्हणता आलं असतं. पण तेव्हा मीही ऐकलं नसतं, हेही खरं.

तरी माझं म्हणणं बदलत नाही. कारण सांगतो, ते पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं.

निघायच्या आधीचा आठवडा मुंगी इथं असते आणि नसते. पिशवी चार दिवस आधी भरून दाराशी ठेवते. जेवताना अर्ध्यातून उठते. शाळेतलं विचारलं की "बरं" म्हणते, थोड्या वेळानं काहीही विचारलं तरी "बरं" म्हणते. एरवी ही पोर पावाच्या तक्त्यांवर पिठात बोटानं चित्रं काढून माझा जीव खाते. त्या आठवड्यात तक्ते स्वच्छ असतात. माझ्या वाट्याचा शेवटचा आठवडा असा वाया जातो, म्हणून मला वरचा एक हवाय. वाटलं, निघायची तारीख मोडली की ती गप्प बसणार नाही. कदाचित मला चुकीचं वाटत असेल. पण मी बाप आहे, करून बघणार.

आणि तुझ्या चौथ्या पानावर वाचलं की सप्टेंबरमध्ये तुझ्याकडेही नेमकं हेच होतं. पिशवी, अर्धं जेवण, "बरं". तूही हे मला कधी कळवलं नव्हतंस. आपण दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो म्हणायचं.

शेवटी तू लिहितेस, "मी दरवर्षीसारखी बाराला थांब्यावर असेन. आणायचं की नाही ते तू ठरव." ही धमकी आहे की काय हे मला अजून कळलेलं नाही. ताईला वाचून दाखवलं तर तिचा चेहराच उतरला. तुला आठवत असेल, ताई त्या दिवसाबद्दल एक मानते: त्या दुपारी बाराला माणूस जे करत असेल तेच त्याच्या नशिबी पुढचे सहा महिने. म्हणून ती बाराला मुद्दाम गोड बिस्किट खात बसते आणि मला रुसू देत नाही. "ती तिथं एकटी बाकावर बसणार आणि तू इथं फुरंगटून बसणार," ती म्हणाली, "दोघांचे सहा महिने गेले. आणि पोरगी काय करणार बाराला, हे कुणी तिला विचारलंय?"

मी म्हटलं, लहान मुलांना यात ओढायचं नसतं. ताई म्हणाली, "ओढायचं नाही? चार वर्षं दोन्हीकडून ओढताय की."

तिच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. तू उगाच बसचा त्रास घेऊ नकोस. मी येणार नाही.

बेकरीवाला

२० मार्च, संध्याकाळ

तारांगणच्या बाईंना,

ताईनं तुला थांब्यावर सगळं सांगितलंच असेल. पण ताई निरोप देताना त्यात स्वतःचंही मूठभर पीठ घालते, म्हणून जसं झालं तसं लिहून पाठवतो. तू हे पोर म्हणाली त्याच शब्दांत वाचावंस असं मला वाटतं.

सकाळी आभाळ मोकळं होतं. पहिले पाव काढले, पाटी लावली, टोपली ठेवली. गल्लीतले लोक आपापल्या दारात उभे होते. ऊन गल्लीच्या तोंडातून आलं आणि सरळ आत भट्टीपर्यंत पोचलं. पिठाची धूळ त्यात उडताना दिसत होती. मी मुंगीला हाक मारली. मला तिला हे दाखवायचं होतं, गेले तीन आठवडे मी याचीच तयारी करत होतो असं म्हण. उत्तर नाही. वर जाऊन बघितलं तर अंथरूण घडी घातलेलं आणि दाराशी पिशवी नाही.

मला वाटलं, ही एकटीच थांब्याकडे निघाली. मी एप्रनसकट रस्त्यावर आलो. अंडं उभं करत बसलेल्या न्हाव्यानं मान वर न करता सांगितलं, "समोर गेली." समोर म्हणजे ताईचं घर. तिथं उंबऱ्याच्या आत पिशवी, आणि मुंगी ताईच्या शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर बसून पाव खातेय. माझाच पाव.

"इथं काय करतेस?"

"राहायला आलेय."

"कुणाकडे?"

"आत्याकडे. एक आठवडा."

मी हसलो. म्हटलं, अगं, तू माझ्याकडेच राहणार आहेस आठवडाभर, आईला कळवलंय मी. त्यावर ती खाली उतरली, हात झटकले आणि माझ्यासमोर उभी राहिली. तू भांडायला उभी राहायचीस तशीच, हनुवटी वर.

"जास्तीचा आठवडा मी शोधला. तू नाही शोधलास. आईला माहीत होता, पण तिनं सांगितला नाही. म्हणजे तो माझा."

"बरं, तुझा. मग माझ्याकडे घालव की."

"नको."

"का? माझ्याकडे काय वाईट आहे?"

"तुझ्याकडे असले की आई वाट बघत असते. आईकडे असले की तू वाट बघत असतोस. कुठंही असले तरी कुणीतरी वाट बघतंच. मला एक आठवडा असा पाहिजे की कुणीच माझी वाट बघत नाहीये."

म्हटलं, तुला कसं कळतं कोण वाट बघतंय?

"आई फोन ठेवायच्या आधी गप्प बसते. तू फोनवर सारखं विचारतोस, जेवलीस का. सकाळी विचारतोस, दुपारी विचारतोस. मी जेवलेली असले तरी मला मग भूक लागत नाही."

तुला खरं सांगतो, मला आधी राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून ताईवर काढला. म्हटलं, हे तूच शिकवलंस तिला. ताई सुईत दोरा ओवत होती. ती म्हणाली, "मी काय शिकवणार? मी आयुष्यात कुणाची वाट बघितली नाही, म्हणून तर पोरगी माझ्या दारात आली. तुमच्या दोघांच्या दारात उभं राहायला जागा कुठं आहे, सगळीकडे तुमचे डोळे."

मग मला लाज वाटली. ती लाज अजून जात नाहीये. पिशवी चार दिवस आधी भरून ठेवण्याचा अर्थ मी असा लावला होता की तिला जायचं नाही. तू असा लावला असशील की तिला यायचं आहे. ती तर फक्त एकाची वाट बघणं कधी संपतं आणि दुसऱ्याचं कधी सुरू होतं, याच्या मधल्या फटीत उभी होती. माझा आठवडा मी मागत होतो, तेव्हा त्या फटीवरही मी माझंच नाव घालत होतो.

मी म्हटलं, "मग आम्ही काय करायचं?"

"काहीपण करा. फक्त वाट बघू नका."

"आणि आईला कोण सांगणार? ती बाराला तिथं येऊन बसेल."

"आत्या. तू सांगायला गेलास की भांडशील."

म्हणून ताई आली, पाव घेऊन. मुंगीनं स्वतः निवडला होता तो, जरा जास्त भाजलेला, तुला आवडतो तसा. ताई म्हणते, तू डोळे पुसलेस आणि पाव न कापता तसाच तोडून खाल्लास, आणि तेवढ्यात बारा वाजले. तिच्या मते शकुन चांगला आहे. सहा महिने पोटभर खाशील.

मी बाराला काय करत होतो? गल्ल्यावर होतो. ताई नव्हती, म्हणून पैसेही मी घेत होतो आणि पावही मीच देत होतो. मुंगी समोर रस्त्यात न्हाव्याच्या पोरींबरोबर अंडं उभं करत होती. तिच्याकडे मी बघत नव्हतो. तुझ्यासाठी म्हणून लिहितो, ते उभं राहिलं.

मी माझी मागणी मागं घेतो, पण तो आठवडा तुला परत देत नाही. तो तिचा. यंदा आणि दरवर्षी. तू हो म्हणावंस. नाही म्हणालीस तरी मी हेच करणार आहे, पण हो म्हणालीस तर मला बरं वाटेल.

मुंगीचा बाबा

२५ मार्च

तुला,

तुझा "हो" मिळाला. हाही एकाच शब्दाचा, पण या वेळी पानाचा राग आला नाही.

मुंगीनं परत कॅलेंडर घेऊन हिशेब केला. तिचा आठवडा तुझ्या बाजूतून काढला की दोन्हीकडे दिवस सारखे उरतात, माझा एकही न वाढता. म्हणजे मी एवढी पत्रं लिहून एक दिवसही कमावला नाही आणि तरीही बरोबरी झाली. ताई म्हणते, असा व्यापारी तिनं बघितलेला नाही.

वाट न बघणं हे काम भट्टीपेक्षा जड आहे. मला वाटलं होतं, ती समोरच तर आहे, रस्ता ओलांडला की झालं. पण समोर असल्यावर जास्त अवघड. पहिल्या दिवशी मी तीन वेळा दारात गेलो आणि तिन्ही वेळा दाराचं कुलूप तपासून परत आलो, जणू दिवसाढवळ्या चोर येणार होते. दुसऱ्या दिवशी गल्ल्याची खुर्चीच फिरवली, पाठ रस्त्याकडे. गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडली. तिसऱ्या दिवशी ठरवलं, वाट बघायला वेळच राहू द्यायचा नाही, आणि मागचे सगळे तक्ते आणि साचे काढून घासले, लख्ख होईपर्यंत. तू ताईला फोनवर सांगितलंस म्हणे, तूही तारांगणात दुपारचा एक खेळ जास्त लावून घेतलास आणि आता शाळेतल्या पोरांच्या प्रश्नांनी डोकं उठलंय. बरं आहे. दोघांची कामं वाढली, तर तिच्यावरचा भार उतरेल.

काल ती दुकानात आली. पाठ होती माझी, मला कळलं नाही.

"बेकरीवाले काका, दोन पाव द्या. आत्यानं सांगितलेत."

मी वळलो. दोन पाव कागदात बांधले. ती माझ्या तोंडाकडे निरखून बघत होती, पोलिसासारखी.

"वाट बघत होतास?"

"कुणाची? गिऱ्हाइकांची बघतो, पोटाचा प्रश्न आहे. अजून काही पाहिजे का?"

तिनं आणखी थोडा वेळ बघितलं आणि मग खदखदा हसली. तू लक्षात घे, तुझ्याकडे निघायला दोन-तीन दिवस उरलेत आणि ही हसतेय. पिशवी भरलेली नाही. ताई सांगते, ती एका वेळी तीन पाव खाते, ताईशी यंत्राच्या तेलावरून भांडते आणि "बरं" हा शब्द एकदाही बोललेली नाही. जाताना गल्ल्यावर पडलेल्या पिठात बोटानं काहीतरी काढून गेली. मी अजून पुसलेलं नाही.

ती हसली तेव्हा मला तुझी आठवण आली, हे लिहू की नको असा विचार करत होतो. लिहिलं.

आता कामाचं. परवा सत्तावीस तारखेला बाराला तुझी बाजू सुरू होते. ताई तिला थांब्यावर आणणार आहे, मी नाही. मुंगीनं एक अट घातलीय आणि मी ती कबूल केलीय, तुझ्या वतीनंही. ती म्हणते, "मी आधी पोचणार. तुम्ही दोघं नंतर या." आजवर ती त्या थांब्यावर उतरली की कुणीतरी आधीपासून बाकावर बसलेलं असायचं, घड्याळाकडे बघत. तू तर तासभर आधी येतेस, मला माहीत आहे, चार वर्षं माहीत आहे. या वेळी बाक रिकामा पाहिजे. तिला तिथं बसू दे, पाय हलवू दे, ताईला चार वेळा विचारू दे की ही दोघं अजून आली कशी नाहीत. वैतागू दे आपल्यावर. आयुष्यात एकदा तरी आपली वाट तिनं बघावी.

तू उशीर करणार नाहीस, मी तुला ओळखतो. तुला यायचं तेव्हा येशील. मलाही राहवणार नाही म्हणून आधीच्या बसनं येतोय. तेव्हा सरळ थांब्यावर जाऊ नकोस. तिकीटघराच्या मागून बाक दिसतो आणि बाकावरून मागचं काही दिसत नाही. लपायला तेवढी एकच जागा आहे. जरा सरकून उभी राहा, दोघं मावू.